मुदपाकखान्याच्या भिंतीवरचे मासे

पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की तेव्हाचा राजा कोण होता हे आता त्याच्या वंशजांनाही सांगता येणार नाही. पण तलाव कुठे होता ते सांगता येतं, कारण तलाव अजून आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला हा तलाव. पूर्वजांनी तो हातांनी खणला, त्याला दगडी पाळ बांधली आणि त्यात रोहू सोडले. इतर गावं धान पिकवत. हे गाव धान पिकवी आणि मासेही पिकवी.

दरवर्षी कापणी आटोपली की सारं गाव मिळून तलावात जाळं टाकी. त्यातले सर्वांत मोठे बारा मासे बाजूला काढायचे, कमळाच्या पानांत गुंडाळायचे आणि वाजतगाजत राजवाड्यावर पाठवायचे. हे मानाचे मासे. त्यांच्या बदल्यात पाटलांना शेला मिळे आणि तलाव आणखी एक वर्ष गावाकडे राही. उरलेल्यांतले बरे मासे गाव खाई. त्यातूनही जे बारके, लुकडे राहत, ते पुढच्या पिढीचे आईबाप होत.

उत्तम ते राजाला, बरं ते आपल्याला, उरेल ते तलावाला. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

म्हातारी माणसं सांगत, की त्यांच्या आजोबांच्या वेळी मानाचे मासे न्यायला कावडी लागत. आता बाराही मासे एका टोपलीत मावत, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन जाणारी बाई वाटेत गाणं म्हणू शके.

"काळच तसा आहे," पाटील म्हणत. "माणसं तरी कुठे पूर्वीएवढी राहिलीत?"

पाटील स्वतः फार ठेंगणे होते, त्यामुळे यावर पुढे कुणी बोलत नसे.

तलावाची राखण सकवार नावाच्या बाईकडे होती. तिच्या आधी तिची सासू राखणदारीण होती, त्याआधी सासूची सासू. पाळीवरच तिची झोपडी होती. मासे लहान होत चाललेत याचं सर्वांत जास्त दुःख कुणाला असेल, तर ते तिला. तिला वाटलं, बिचारे उपाशी राहतात. मग तिनं घरोघर फिरून तांदळाचा कोंडा गोळा केला आणि सकाळ-संध्याकाळ टोपल्या भरभरून तलावात ओतला.

महिन्याभरात पाणी हिरवं आणि दाट झालं. एका सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकू लागले. दुपारपर्यंत शेकडो मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"राखायला ठेवली, आणि हिनंच मारले!" गाव म्हणालं.

सकवार रडली, पण तिनं नाकारलं नाही. "चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मी त्यांच्या पोटाकडे बघितलं, पाण्याकडे नाही बघितलं. आपण एकीकडे जेवतो आणि दुसरीकडे श्वास घेतो. त्यांचं ताटही पाणी आणि हवाही पाणी. मी त्यांच्या हवेत उष्टं टाकत राहिले."

त्या दिवसापासून तिनं एक केलं. काहीही करण्याआधी ती बघू लागली. सकाळी पाळीवर बसायची, ती ऊन डोक्यावर येईपर्यंत बघत राहायची.

तिच्यासारखाच आणखी एक जण तिथे वाट बघत उभा असे. तो होता बगळा. एका पायावर, डोळे मिटून.

"काय बुवा, तप झालं का?" एके दिवशी सकवारनं विचारलं.

"तप कसलं? जेवणाची वाट बघतोय," बगळा म्हणाला. "तू कसली वाट बघतेस?"

"मासे लहान का होत चाललेत, ते शोधतेय. तुझं काही काम तर नाही ना यात?"

बगळ्यानं एक डोळा उघडला. "माझं? अगं, मला सापडतो तो मासा आजारी तरी असतो, नाहीतर सुस्त. चपळ मासा माझ्या चोचीत टिकत नाही. ती मादी बघ, कमळाच्या देठांजवळ. तिच्या शेपटीला खाच दिसते? बोटाएवढी होती तेव्हा धरली होती मी तिला. शेपटीचा तुकडा मला देऊन पळाली. बाई, मी वाईट ते उचलतो. तुम्ही माणसं चांगलं तेवढं वेचून नेता. आणि वर मलाच चोर म्हणता!"

सकवार जागची उठली नाही. समोरच्या शेतात एक शेतकरी धानाच्या टपोऱ्या लोंब्या निवडून पेंढी बांधत होता. ती पेंढी पुढच्या पेरणीसाठी होती. घरात खायला नसलं तरी तो ती शिजवणार नव्हता. हे लहान पोरालाही माहीत होतं.

"आम्ही धानाचं बियाणं राखतो," ती स्वतःशी म्हणाली, "आणि माशांचं बियाणं पानात गुंडाळून राजाला देतो."

तलावाच्या खाली एक लहानशी बोडी होती. बोडी म्हणजे छोटं तळं. सकवारनं तिच्यातलं पाणी काढून टाकलं, चिखलाला भेगा पडेपर्यंत तिला ऊन दिलं, शिंपल्यांचा चुना पसरला आणि मग स्वच्छ पाणी भरलं.

कापणी झाली. गावानं जाळं टाकलं. नेहमीप्रमाणे मासे निवडायला सकवार पुढे झाली. पण या वेळी ती नुसता आकार बघत नव्हती. पाठ सरळ आहे का, खवलं चमकतात का, कल्ले लाल आहेत का, हात लावताच उसळी मारतो का, हे सगळं ती बघत होती. असे बारा मासे तिनं पाण्यानं भरलेल्या घागरींत घातले. शेपटीला खाच असलेली मादी त्यात होती. आणि पाटील कमळाची पानं घेऊन पुढे येईपर्यंत तिनं ते बारा मासे बोडीत सोडूनही दिले.

"अगं सकवार, हे काय? मानाचे मासे कुठे?"

"बोडीत, पाटीलबाबा. ते आता आईबाप होणार."

"आणि राजवाड्यावर काय पाठवू? माझं डोकं?"

"ते नको, तिथेही लहानच म्हणतील," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, आणि सगळे हसले. पण पाटील हसले नाहीत. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नकोस, बाई. मानाचे मासे गेले नाहीत तर तलाव गावाचा राहत नाही. शंभर घरं त्यावर जगतात."

"म्हणून तर," सकवार म्हणाली. "मी स्वतः जाते राजवाड्यावर. मधल्या आकाराचे बारा मासे नेते आणि खरं ते सांगते. शिक्षा झाली तर माझी राखणदारी जाईल. तलाव गावाकडेच राहू द्या म्हणून मी पाया पडेन."

राजवाड्याच्या दारात कारभाऱ्यानं टोपलीत डोकावून नाक मुरडलं. "बाई, हे महाराजांसाठी, की महाराजांच्या मांजरासाठी?"

"मांजर असतं तर त्यानं आधी तोंड लावलं असतं, मग विचारलं असतं," सकवार म्हणाली.

कारभारी लाल झाला. त्यानं तिला मुदपाकखान्यात टोपली ठेवून दाराशी थांबायला सांगितलं. शिक्षा काय ते जेवणानंतर ठरणार होतं.

मुदपाकखान्यात एक म्हातारा आचारी होता. त्यानं टोपलीतला सर्वांत मोठा मासा उचलला, भिंतीला लावला आणि गेरूनं त्याच्याभोवती रेघ मारली.

"हे काय करता, बाबा?"

"रीत आहे पोरी. दरवर्षीच्या मोठ्या माशाची रेघ मारायची. माझे वडील मारत, आजोबा मारत."

सकवारनं भिंतीकडे बघितलं. चुलीपासून सुरू होऊन थेट दारापर्यंत माशांच्या रेघांची रांग होती. ती चुलीपाशी गेली आणि पहिल्या रेघेला टेकून उभी राहिली. तो मासा तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत होता. मग ती एकेक पाऊल दाराकडे सरकत गेली. खांद्यापासून मांडीपर्यंत. खांद्यापासून कमरेपर्यंत. दारापाशी आली तेव्हा मासा तिच्या कोपरापासून मनगटापर्यंतच उरला होता.

आचारी हातातला गेरू तसाच धरून बघत राहिला. "चाळीस वर्षं मी या भिंतीपाशी उभा आहे," तो म्हणाला. "पण मी फक्त शेवटच्या रेघेकडे बघतो, कारण नवी तिच्याशेजारी मारायची असते. गेल्या वर्षीपेक्षा बोटभर कमी. बोटभर तर इकडेतिकडे चालायचंच, असं वाटायचं."

"बाबा, महाराजांना इथे आणता येईल?"

"मुदपाकखान्यात? महाराज जेवतात. स्वयंपाकघर बघत नाहीत." आचारी चुलीकडे वळला. मग त्यानं घागर उचलली आणि चुलीवर ओतली. "पण आज जेवणाला उशीर होईल असं दिसतं. भूक लागली की राजालाही वाट सापडते."

आणि खरंच, दोन घटका गेल्या तेव्हा राजा स्वतः दारात उभा होता. "चूल का विझली?"

आचाऱ्यानं हात जोडले आणि भिंतीकडे बोट केलं. राजा चुलीपासून दारापर्यंत चालत गेला. मग पुन्हा दारापासून चुलीपर्यंत.

"हे मोठे मासे कुणी खाल्ले?"

"चुलीजवळचे आपल्या आजोबांनी, महाराज. मधले वडिलांनी. दाराजवळचे आपण," आचारी म्हणाला.

"मला तर वाटायचं, मला नेहमी मोठ्यांतले मोठे मासे मिळतात."

"मिळत होते, महाराज," सकवार म्हणाली. "तेच तर झालं." आणि मग तिनं बोडीतल्या बारा माशांची हकिगत काही न लपवता सांगितली.

राजाला राग आला होता, पण कुणाचा ते त्यालाच कळेना. शेवटी तो म्हणाला, "तीन वर्षं देतो, तोवर मानाचे मासे माफ. तीन वर्षांनी बोडीत जन्मलेला मासा आजच्या रेघेपेक्षा मोठा असला पाहिजे."

"आणि नसला," कारभारी घाईनं म्हणाला, "तर तलाव दुसऱ्या गावाला आणि ही बाई गावाबाहेर!"

राजानं मान डोलावली. सकवारनंही डोलावली.

ती तीन वर्षं सकवारनं कशी काढली हे गावातल्या बायका पुढे नातवंडांना सांगत. पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी बोडीत शिरलं, तशा माद्या धारेवर उलट चढल्या आणि त्यांनी अंडी सोडली. पिल्लं आली ती मोहरीएवढी. सकवारनं त्यांना वस्त्रगाळ केलेली तिळाची पेंड दिली. मोठी झाल्यावर ती तलावात सोडली आणि त्यांना कोंडा, पेंड आणि ठेचलेल्या गोगलगायी एकत्र मळून गोळे दिले. पण आता ती गोळे पाण्यात फेकत नसे. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची आणि थोड्या वेळानं वर ओढून बघायची. टोपली रिकामी असेल तर आणखी द्यायचं. उरलं असेल तर त्या दिवशी जेवण बंद. ढगाळ दिवशी मासे कमी खातात, हे तिला टोपलीनंच शिकवलं.

डोंगरापलीकडच्या तलावातून तिनं चार धडधाकट नर आणले. "एकाच घरात किती पिढ्या सोयरीक करायची?" ती म्हणे. पण त्यांनाही पंधरा दिवस वेगळ्या डबक्यात ठेवून, अंगावर काही उठत नाही हे बघूनच आत घेतलं.

दुसऱ्या वर्षी आजूबाजूच्या तलावांत माशांच्या अंगावर लाल फोड येऊ लागले. तेव्हाच सणाला तिचा जावई डोमाजी आला, खांद्यावर आपलं ओलं जाळं टाकून. सासुरवाडीच्या तलावात जावयानं जाळं टाकायचं, हा तिथला मान होता. सकवार पाळीवर आडवी उभी राहिली.

"जावईबापू, ओल्या जाळ्यातून रोग येईल, ते इथेच ठेवा. चुन्याच्या पाण्यात बुडवायचं आणि तीन दिवस उन्हात वाळवायचं."

"मामी! लोक काय म्हणतील? जावयाला तीन दिवस उन्हात ठेवला म्हणतील."

"जावयाला सावलीत पाट मांडलाय, पुरणही शिजतंय. उन्हात जाळं बसेल."

डोमाजी गाल फुगवून बसला. पण पुरणपोळी तीन दिवस मिळाली, तेव्हा चौथ्या दिवशी तोच वाटेवर उभा राहून इतर जावयांची जाळी अडवू लागला. त्या वर्षी शेजारचे तलाव निम्मे रिकामे झाले. इथे थोड्याच माशांना फोड आले, आणि त्यातून जे तरले त्यांना सकवारनं पुढच्या विणीसाठी सर्वांत आधी निवडलं.

तिसरी कापणी झाली. गावानं श्वास रोखून जाळं ओढलं. जाळ्यात बोडीत जन्मलेली एक मादी होती, अशी, की पाटलांनी ती दोनदा वाकून बघितली. तिच्या पाठीच्या पंखाला खाच होती. बगळ्याला या घराण्याचा भारीच सोस होता, आणि याही वेळी लेक आईसारखीच निसटली होती.

सकवारनं बोटांनी मोजलं. राजवाड्यातल्या शेवटच्या रेघेपेक्षा चार बोटं जास्त. फक्त चार.

"चार तर चार!" पाटील ओरडले. "आणा ती पानं! चल, निघू या!"

सकवार हलली नाही. मादी घागरीत शांतपणे कल्ले हलवत होती.

"पाटीलबाबा, हिला नेली तर आपण पुन्हा तेच केलं."

"अगं, हिला नाही नेली तर तुला गाव सोडावं लागेल! तलाव जाईल!"

"ही पुढच्या पावसाळ्यात पहिल्यांदा अंडी देईल. लाखभर पिल्लं. मोठं झालंय हे दाखवायला हिलाच मारायची, तर मग मोठं केलंच कशाला?"

तिनं घरातून जुन्या धोतराचं फडकं आणलं, ओलं करून पसरलं, मादीला अलगद त्यावर ठेवलं आणि गेरूनं भोवती रेघ मारली, पंखावरच्या खाचेसकट. मग मादीला परत तलावात सोडलं आणि कापडाची घडी काखेत मारून ती एकटीच निघाली. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. पाटील धापा टाकत येत होते. "शेला माझ्या खांद्यावर पडतो," ते म्हणाले, "तर बोलणीही माझ्याच वाट्याला येऊ दे."

राजानं कापड भिंतीला लावून बघितलं. "मासा कुठे आहे?"

"तलावात, महाराज. जिवंत."

"कापडावर रेघ कुणीही मारेल!" कारभारी म्हणाला. "सांगा, मी हत्तीएवढा मासा काढून देतो."

राजानं पंखावरच्या खाचेवर बोट ठेवलं. "ही कसली खूण?"

"बगळ्याच्या चोचीची."

"खोटा मासा काढणारा तो धड तरी काढील," राजा म्हणाला. "पण मी स्वतः येऊन बघेन."

महिन्याभरानं राजा आला. सगळं गाव पाळीवर गोळा झालं. जाळं टाकून मादीला काढलं, काठावर ते कापड ओलं करून पसरलं आणि तिला त्यावर ठेवलं. कारभारी खाली वाकला आणि आनंदानं ओरडला, "बसत नाही! महाराज, मासा रेघेत बसत नाही! रेघ खोटी आहे!"

राजाही वाकला. पंखावर खाच होती, जिथे हवी तिथेच. फक्त शेपटीचं टोक रेघेबाहेर आलं होतं, बोटभर.

"बसत नाही," राजा म्हणाला, "कारण ती वाढली आहे."

राजानं मादीला दोन्ही हातांत उचललं आणि तो गुडघाभर पाण्यात उतरला. तेवढ्यात तिनं अशी शेपटी हाणली, की राजाची पगडी उडून कमळांत जाऊन पडली. पाटलांनी डोळे मिटून घेतले. मग हसण्याचा आवाज आला. तो राजाचा होता.

"हिला माझ्या ताटात यायचं नाही, हे तिनं स्वतःच सांगितलं," असं म्हणून त्यानं हात पाण्याखाली नेले आणि मादीला सोडून दिलं.

त्या दिवसापासून मानाचा मासा राजवाड्यावर गेला नाही. गेली ती त्याची रेघ. दरवर्षी सर्वांत देखण्या माशाचं चित्र कापडावर काढायचं, वाजतगाजत पाठवायचं, आणि मासा परत पाण्यात सोडायचा. राजाच्या ताटात मधल्या आकाराचे मासे येऊ लागले, आणि ते चवीला जास्त चांगले लागतात असं तो सांगू लागला. कापड भिंतीला लावून मोजायचं काम त्यानं कारभाऱ्याला दिलं. बोटाबोटानं लहान झालेले मासे बोटाबोटानंच मोठे झाले, आणि सकवार म्हातारी होईपर्यंत भिंतीवरचा मासा पुन्हा तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पोहोचला. आजूबाजूची गावं घागरी घेऊन येत. ती त्यांना पिल्लं देई, सोबत एक टोपली आणि दोरी देई, आणि जाळं वाळवल्याशिवाय कुणाला पाळीवर पाय ठेवू देत नसे.

फक्त बगळा तेवढा कुरकुरायचा. "बाई, तुझ्यामुळे माझे हाल झाले. आजारी मासा औषधालासुद्धा सापडत नाही."

"मग बेडूक खा की," सकवार म्हणे, आणि पाण्यातून टोपली वर ओढून बघे.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही एवढंच ध्यानात ठेवावं: आपल्याकडचं सर्वांत उत्तम असेल ते आज संपवू नये, ते उद्याचं बियाणं म्हणून जपावं.